नकाशावरचा दोरा

मिल बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी आपापले डबे उचलले. मिलचं वाचनालय सांभाळणाऱ्या शंकररावांनी भिंतीवरचा जगाचा नकाशा गुंडाळून घरी आणला. तेव्हापासून इंदूरच्या बडा गणपतीजवळच्या त्यांच्या गल्लीत कुठला देश कुठे, हे विचारायला लोक त्यांच्याकडेच येत. एरवी बोलायला बुजणारे शंकरराव नकाशापुढे जरा सैल होत.

वैशाखात शेजारचे कृष्णराव पहाटे गेले. मुलगा चिंतामण शिकागोत. एसटीडी बूथवरून त्याला कळवलं. "लगेच निघतो," एवढं ऐकू आलं आणि लाइन कटली.

कृष्णरावांचा पुतण्या संताजी शंकररावांच्या दारात आला. "मास्तरजी, सीधी बात सांगा. चिंतू उद्या दिवस मावळायच्या आत पोचेल का? उद्यापर्यंत बर्फावर ठेवता येईल, त्याच्यापुढे नाही."

"असलं मला नका हो विचारू."

"मग कोणाला विचारू? गल्लीत जग तुमच्याच भिंतीवर टांगलंय."

शंकररावांनी दोरा घेतला. एक टोक शिकागोवर, दुसरं इंदूरवर, मध्ये समुद्र. विमानाचा वेग त्यांनी वाचलेला होता. पुन्हा एकदा मोजलं. "रात्र होईल त्याला," ते म्हणाले.

"नक्की ना, भावजी?" कृष्णरावांच्या पत्नी द्वारकाबाईंनी एवढंच विचारलं. शंकररावांनी होकारार्थी मान हलवली. त्याच संध्याकाळी संताजीने अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी कौलांवर ऊन असतानाच गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली. चिंतामण बॅग तशीच सोडून आत धावला आणि कोपऱ्यातल्या दिव्यापुढे थबकला.

बऱ्याच वेळाने तो शंकररावांना म्हणाला, "काका, विमान पार उत्तरेकडून, बर्फावरून आलं. खाली नुसतं पांढरं. मी म्हटलं, बाबांनाही बर्फावर ठेवलं असेल."

शंकररावांच्या हातातला चहा निवत गेला. पृथ्वी गोल, नकाशा सपाट. त्यावर उत्तरेकडचा भाग ताणला जातो आणि सरळ दोरा लांबची वाट दाखवतो. हे त्यांना ठाऊक होतं. संत्र्याची साल पसरून मिलच्या पोरांना त्यांनीच समजावलं होतं. दोरा धरताना तेवढंच कसं आठवलं नाही?

"वहिनी, माझं मोजणं…"

"तुमचा काय दोष, भावजी," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुम्ही तर नकाशा बघूनच सांगितलंत."

शंकरराव रोज चूक सांगायचीच असं ठरवून त्या घरात जात आणि पाणी पिऊन परत येत.

तेरावा झाला, चिंतामण परत निघाला. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तशी द्वारकाबाईंनी सवयीने विचारलं, "किती वेळ लागेल हो त्याला पोचायला?"

शंकररावांनी मान खाली घातली. "मला सांगता येत नाही, वहिनी. तेव्हाही येत नव्हतं."

त्या काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदर सावरून आत गेल्या.

शंकरराव घरी गेले नाहीत. बूथबाहेरच्या बाकावर जाऊन बसले, चिंतामण पोचल्याचा फोन येईपर्यंत.