विहिरीतली लाली

लालबागच्या चाळीमागची विहीर तीन दिवस गुलाबी होती आणि चाळ खुशीत होती. पटकीच्या दिवसांत म्युनिसिपालटीची माणसं विहिरीत लाल औषध टाकून जात, तेव्हा पाणी असंच दिसे. शेजारच्या म्हाताऱ्या गंगुबाई तर म्हणायच्या, "पोटभर पी गो मालन, पोरीलाही पाज."

मालनने पाजलं. कालपासून चार वर्षांची गुणवंती ओकत होती.

"औषधाची लाली दुसऱ्या दिवशी उतरते," मालन नवऱ्याला म्हणाली. "ही का उतरत नाही हो?"

दौलत गिरणीच्या रंगखात्यात होता. उरलेला विलायती किरमिजी रंग, डांबरापासून काढलेला, ओतायला त्यानेच गिरणीच्या भिंतीमागे खड्डा खणला होता. तिथून विहीर पन्नास पावलांवर.

त्याने पांढऱ्या घोंगडीतून लोकरीचा धागा उसवला. सुताला हा रंग धरवायला खटपट लागते, लोकर मात्र तो आपसूक ओढून घेते, हे त्याला ठाऊक होतं. विहिरीचं पाणी चुलीवर चढवून त्याने त्यात लिंबू पिळलं आणि तो धागा सोडला.

"औषध असेल तर लिंबाने पाण्याची लाली जाईल. रंग असेल तर तो लोकरीत बसेल."

मालन चुलीपासून हलली नाही. उकळी आली तरी लाली गेली नाही. दौलतने धागा काढला, नाक्यावरच्या नळाच्या पाण्याने तीनदा खळखळून धुतला. गुलाबी तो गुलाबीच.

"सांगितलंत तर मुकादम हाकलेल," मालन हळूच म्हणाली.

"हाकलेल."

"मग जा लवकर. बायका पाण्याला निघाल्या असतील."

विहिरीवर गंगुबाई पोहरा वर ओढत होत्या.

"काकू, ओतून द्या ते पाणी. औषध नाही, गिरणीचा रंग आहे."

"तू रे कधीपासून डाक्तर झालास?" मागे रांगेतल्या बायका हसल्या.

दौलतने धागा आपल्या नखांना लावून धरला. नखांच्या कडांत तोच रंग बसलेला होता. "खड्डा मीच खणला, काकू."

बायका हसायच्या थांबल्या. गंगुबाईंनी पोहरा जमिनीवर पालथा केला. ओल्या मातीकडे बघत त्यांनी विचारलं, "आणि तीन दिवस प्यालो ते?"

कुणाला पाणी काढता येऊ नये म्हणून दौलतने रहाटावरचा दोर सोडून खांद्यावर घेतला. पलीकडे गिरणीचा भोंगा वाजला. तो विहिरीपाशीच उभा राहिला.