मेळघाट पाहिलेला गुंडाळफळा

मित्रांनो, तुमच्या वर्गात भिंतीला खिळलेला फळा असतो ना, त्याचा मी भटका चुलतभाऊ. मी एक जुना गुंडाळफळा आहे. जाड कापड, त्यावर काळ्या रंगाचे थर, वर आणि खाली एकेक लाकडी दांडा आणि टांगायला सुतळी, एवढाच माझा संसार. गुंडाळला की मी काखेत मावतो, सोडला की दार झाकतो. भिंतीवरचा फळा जन्मभर समोरची एकच भिंत बघतो. मी अमरावती पाहिली, अकोला पाहिलं आणि धारणीपलीकडचं जंगलही पाहिलं. म्हणून थोडी ऐट करतो, ती गोड मानून घ्या.

अमरावतीच्या एका रंगाऱ्याने मला घडवलं. प्रत्येक थर वाळला की तो माझ्यावर तळहात फिरवायचा आणि खरखर कमी वाटली की नाक मुरडायचा. सुरुवातीची वर्षं साक्षरतेच्या वर्गांत गेली. मग आरोग्य खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात माझी रवानगी झाली. हिवतापाचा डास, मीठ-साखरेचं पाणी, हात धुण्याची रीत, असं सगळं मी अंगावर वागवलं. लोक म्हणायचे, या फळ्यावर अक्षर काय उठून दिसतं! ते ऐकून मी फुगायचो. पुढे केंद्रात भिंतभर चमकणारा पडदा आला आणि मला कपाटामागे उभं केलं. पालीने माझ्या गुंडाळीत बिऱ्हाड थाटलं. मित्रांनो, खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

तिथून मला बाहेर काढलं धर्मेंद्र सरांनी. ते चांदूर रेल्वेचे. नव्याने सरकारी नोकरीत आलेल्या तरुण अधिकाऱ्यांना आरोग्याचं धोरण कसं आखायचं, हे शिकवायला ते केंद्रात आले होते. दवाखाना कुठे असावा, तिथे कोणाला काय मिळावं आणि कोणत्या नियमाने मिळावं, हे ठरवणं म्हणजे धोरण. एका डॉक्टरची चूक एका रोग्याला भोवते, धोरणाची चूक अख्ख्या तालुक्याला भोवते. त्या चमकत्या पडद्याला खेड्यात वीज लागते आणि लोक त्याच्यासमोर गप्प बसतात, असं सरांचं मत होतं. ते ऐकलं आणि माझ्या मनातली सगळी जळमटं गेली.

सरांची एक पद्धत होती. 'जनजागृती करावी' असं कोणी माझ्यावर लिहिलं, की ते काही न बोलता बोळा घेऊन पुसून टाकत. तुम्ही हसाल, पण या तरुण मंडळींचं हे ठरलेलं उत्तर असे. लोक लस घेत नाहीत? जनजागृती करावी. लोक दवाखान्यात येत नाहीत? जनजागृती करावी. एका तुकडीत तर हे शब्द इतक्या वेळा लिहिले गेले, की पुसून पुसून माझा तेवढा भाग गुळगुळीत झाला.

अशाच एका तुकडीत अकोल्याची नईमा आली. डॉक्टरकी करून सरकारी नोकरीत नुकतीच लागलेली, बोलायला चटपटीत, ऐकायला मात्र थोडी कच्ची. तिच्या वाट्याला एक अवघड प्रश्न आला. धारणीच्या पुढे मेळघाटच्या डोंगरात एक माहेरघर होतं. दिवस भरत आले की आडवाटेच्या गावांतल्या गरोदर बायांनी आधीच दवाखान्याशेजारी येऊन राहावं, म्हणून ते बांधलेलं. पावसाळ्यात नाला भरला की गावांची वाट बंद होते, तेव्हा ऐनवेळी धावपळ नको, एवढाच हेतू. पण बाया येतच नव्हत्या. खाटा रिकाम्या, गाद्यांवर धूळ. आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, की काही उपाय निघाला नाही तर पावसाळ्याआधी माहेरघर बंद होईल. उपाय सुचवायचं काम नईमाकडे आलं.

नईमाने खडू घेतला आणि माझ्यावर झोकात लिहिलं, 'जनजागृती करावी.' सरांनी बोळा उचलला.

या वेळी मात्र ते बोललेही. "नईमा, त्या बाया झोपल्या हायेत, असं तुले कोनं सांगतलं?"

नईमाचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सरांनी तिला आणि मला जीपमध्ये बसवलं. मला टपावर बांधलं होतं. परतवाड्यानंतर घाट लागला आणि वळणावळणावर माझे दांडे खडखडले, पण मी खुशीत होतो. कपाटामागे कुठला आलाय घाट?

गावात मला मोहाच्या फांदीला टांगलं. बाया जमल्या. नईमाने सरळ विचारलं, की तुम्ही माहेरघरात का येत नाही? सगळ्या एका सुरात म्हणाल्या, येऊ नं. साहेब लोक काही म्हणाले की हो म्हणायचं, ही तिथली जुनी रीत. हो म्हटलं की साहेब जातात आणि आपलं काम सुरू होतं. नईमाला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिने प्रश्न विचारणं सोडलं आणि पुढे बसलेल्या जमुनाच्या हातात खडू दिला. तुमच्या घरात सकाळपासून कोण काय करतं, ते काढून दाखवा, एवढंच ती म्हणाली.

जमुना पोटुशी होती. तिचं आधीचं बाळ दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच जन्मलं आणि वाचलं नाही. हे तिने कोणाला सांगितलं नाही, सरांना ठाऊक होतं. ती आधी लाजली. मग तिने माझ्यावर चूल काढली, चुलीजवळ सासू काढली, अंगणात दोन लहान लेकरं काढली, कोंबड्या काढल्या. नवरा परगावी कामाला गेलेला, तो फळ्याच्या पार कडेला काढला. सगळं काढून झाल्यावर ती नईमाकडे वळली.

"माह्यासंगं सासू येईन. तुमी एकाच मानसाले येऊ देता. मंग हे लेकरं कोनापाशी ठेवू, बाई?"

नियम तसाच होता. गरोदर बाईबरोबर एकच मोठं माणूस, मुलं चालणार नाहीत. त्या नियमाची पाटी माहेरघराच्या दारावरच होती आणि गावात येण्याआधी नईमा माहेरघर बघायला गेली, तेव्हा तिच्याखालूनच आत शिरली होती.

परतीच्या वाटेत नईमा तावातावाने म्हणाली, की हा नियम आजच मोडला पाहिजे. सरांनी मान हलवली. नियम मोडायच्या आधी तो कावून झाला, कशापायी झाला ते शोध, म्हणाले. नईमाने शोधलं. पूर्वी एकदा माहेरघरात मुलांची गर्दी झाली होती, त्यात गोवराची साथ आली आणि बाळंतिणी घाबरून पळाल्या. ज्याने नियम केला तो काही वाईट माणूस नव्हता. नईमा दिवसभर माझ्यासमोर बसली. लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. माझं अंग खडूने पांढरं झालं, पण त्या दिवशी मला आपण फळा असल्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पूर्वी कधी वाटला नव्हता.

अमरावतीत बैठक भरली. चमकता पडदा तयार होता, तरी नईमाने मलाच टांगलं. माझ्यावर जमुनाचं घर पुन्हा जसंच्या तसं काढलेलं होतं, चूल, सासू, लेकरं आणि कोंबड्यांसकट. शेजारी नईमाचा उपाय होता. माहेरघराची बंद असलेली सामानाची कोठी मोकळी करून तिथे आजी आणि मुलांना राहू द्यावं. दाराशीच मुलांचा ताप बघावा, आजारी मूल लगेच दवाखान्यात न्यावं आणि ज्याची लस राहिली असेल त्याला ती तिथेच द्यावी. ज्या मुलांना शोधत दवाखान्याची माणसं डोंगर चढतात, ती मुलं आपल्या पायांनी चालत येतील.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. असं केलं तर माहेरघराची धर्मशाळा होईल, म्हणाले.

नईमाने माझ्यावरच्या दोन लेकरांकडे बोट दाखवलं. "सर, माहेरी जातानी कोनती बाई लेकरं मागं ठेवून जाते?"

साहेब उठून माझ्याजवळ आले आणि जमुनाचं घर बघू लागले. माझ्याकडे इतकं निरखून कोणी पाहिलेलं मला आठवत नाही. शेवटी त्यांनी एका पावसाळ्यापुरती परवानगी दिली आणि बजावलं, की खाटा रिकाम्या राहिल्या तर कुलूप ठरलेलं आहे.

दारावरची पाटी उतरली आणि नव्या नियमाचा निरोप गावांत गेला. मला माहेरघराच्या पडवीत लावलं आणि देखरेखीला नईमाला तिथेच ठेवलं. दिवस जात होते, कोणी येत नव्हतं आणि नईमा रोज वाटेकडे डोळे लावून बसत होती. आभाळ भरून आलं त्या दिवशी वाटेवर सासू दिसली, तिच्या मागे दोन लेकरं आणि सगळ्यांत मागे कमरेवर हात ठेवून जमुना. सासूच्या डोक्यावरच्या टोपलीत कोंबड्याही होत्या. कोंबड्यांचा उल्लेख नव्या नियमात नव्हता. नईमाने त्यांना अंगणात जागा करून दिली.

पुढच्याच आठवड्यात नाला दुथडी भरला आणि वाट बंद झाली. पण जमुना नाल्याच्या अलीकडे, दवाखान्याच्या बाजूला होती! भर दुपारी तिला मुलगी झाली. बाळाने टाहो असा फोडला, की पडवीत माझा दांडा भिंतीवर वाजला. नईमा बाहेर आली, माझ्या शेजारी भिंतीला टेकली आणि रडता रडता हसली. फळ्याला रडता आलं असतं, तर मीही रडलो असतो.

नाल्याला उतार पडला तशी ती बातमी गावोगाव गेली. एक आली, तिच्या मागे दुसरी आली. पावसाळा सरता सरता मोठे साहेब तपासणीला आले. कोठीत मुलं लोळत होती, चुलीवर भाकरी भाजत होती, खाटेखाटेवर बाया बसल्या होत्या. साहेबांना टेकायला जागा मिळेना. ते पडवीच्या पायरीवर बसले, तर बाळाला लस द्यायला आलेल्या जमुनाचा धाकटा त्यांच्या मांडीवर चढला.

साहेबांनी त्याला नीट धरलं आणि म्हणाले, "नईमा, खाटा वाढवाव्या लागतील. आणि हा नियम बाकीच्या माहेरघरांनाही लावू. फळ्यावर घ्या, कुठे किती लागतील ते."

मित्रांनो, आता मी पुन्हा फिरतीवर आहे. माझ्या कडा विरल्या आहेत, एक दांडा तडकला आहे. नवी तुकडी आली की नईमा मॅडम मला टांगतात. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या शाळेत, कचेरीत माझा एखादा भाऊ धूळ खात पडला असेल, तर त्याला बाहेर काढा, ओल्या फडक्याने पुसा. आणि उद्या तुम्ही मोठे साहेब, मोठ्या मॅडम झालात, तर ज्यांच्यासाठी नियम करायचा त्यांना आधी फळ्यासमोर आणून बसवा. झिजण्याची काळजी करू नका. आम्ही त्यासाठीच जन्मलो आहोत.