किसाबुरोच्या पाठीवरची झोळी

मित्रांनो, झोळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दारोदार फिरणारा बैरागी येत असेल. मी तसली नव्हे. मी मासा झेलायची एक जुनी झोळी आहे. मेपलच्या फांदीची वाकवलेली कड, त्याच फांदीची मूठ आणि खाली रेशमी जाळी, एवढाच माझा देह. गळाला लागलेला मासा जवळ आला की त्याला पाण्यातून अलगद उचलून घ्यायचं, हे माझं काम.

जपानच्या उत्तरेकडच्या डोंगरात, नदीकाठच्या एका गावात किसाबुरोचं केस कापायचं दुकान आहे. सोमवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी तो ट्राउट मासे धरायला नदीवर जातो. एका हिवाळ्यात बर्फ खिडकीपर्यंत चढलं होतं आणि गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, तेव्हा त्याने मला घडवलं. फांदी वाफेवर मऊ केली, वाकवून बांधली, एका झाडाच्या चिकाचं रोगण तिच्यावर चढवलं. त्या चिकाने त्याचे हात असे सुजले की वस्तरा धरवेना. त्याची बायको शिनो त्याला मलम लावत म्हणाली, "मासा अजून एकही दिसला नाही घरात. झोळीपायी धंदा मात्र बसला."

तिचं काही चुकलं नव्हतं. पुढची कित्येक वर्षं मी पाणी पुष्कळ पाहिलं, मासा पाहिला नाही. किसाबुरो नदीत पाऊल टाकायचा ते असं, की दगडाआडचे मासे पुढच्या गावाला निघून जात. कोंबड्याची पिसं आणि दुकानात कापलेले केस गळावर गुंडाळून, माशाने भुलून गिळाव्यात म्हणून, तो खोट्या माश्या बनवी. त्या पाण्यात कमी आणि काठच्या झाडांत जास्त पडत. गावच्या सार्वजनिक स्नानगृहाचा मालक गेंगो हा पट्टीचा मासेमार. तो दाढीला बसला की हमखास विचारी, "काय किसाबुरो, या सोमवारी झाडावरचे किती धरलेस?"

शिनो माझ्यात अळंबी वाळत घाली. मला लाज वाटायची, नाही असं नाही. पण खरं सांगू? पहाटेच्या धुक्यात त्याच्या पाठीवर डुलत जाणं, थंडगार पाण्याने जाळी भिजणं, दुपारी खडकावर बसून त्याने भाताचा गोळा खाता खाता गुणगुणणं, यात इतकं सुख होतं की रिकामं पोट आठवत नसे.

मग मिसाओचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं लग्न समुद्रकाठच्या एका मुलाशी ठरलं. मुलाचे वडील तोकुजी जन्मभर होडीवर जाळी ओढलेले. त्यांनी पहिल्या भेटीत नाना तऱ्हेचे मासे वाढले. किसाबुरो भारावला आणि बोलून बसला, "आमच्याकडे याल तेव्हा मी स्वतः धरलेला ट्राउट तुमच्या पानात असेल."

 घरी आल्यावर शिनो एवढंच म्हणाली, "बाजारातून आणू. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"आणि गेंगोला," ती म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला.

व्याही यायच्या आधीचे सगळे सोमवार कोरडेच गेले. अखेर ते यायचे त्याच दिवशी पहाटे किसाबुरो गावावरच्या तळ्याकडे निघाला. नदी तिथूनच उगम पावते. पाहुणे दुपारी येणार, हा काही वेळेवर परतणार नाही, म्हणून त्याला वेळेत ओढून आणायला शिनोही त्याच्याबरोबर आली. ती दगडावर रानभाजी निवडत बसली. किसाबुरो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गळ फेकत राहिला. ऊन वर आलं. एकामागून एक माश्या संपल्या. डबीत शेवटची उरली. ती गेंगोच्या पांढऱ्या मिशीच्या केसांची होती.

ती पाण्याला टेकली आणि दोरी ताणली गेली. काठी अशी वाकली की किसाबुरोचा पाय घसरला आणि तो गळ्याएवढ्या पाण्यात बसला. काठी मात्र त्याने दोन्ही हातांनी वर धरली होती. मी पाठीवर होते. मला घ्यायला त्याला हातच उरला नव्हता.

"शिनो, झोळी घे."

शिनो भाजी टाकून, ओचा खोचून सरळ पाण्यात आली. तिने मला सोडवून हातात धरलं.

"कुठून घालू? मला नाही येत हे."

"काहीच करू नकोस. पाण्यात धर. डोक्याकडून येऊ दे त्याला."

तिने मला पाण्यात धरलं. तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता. मासा एकदा दूर गेला, परत आला, पुन्हा गेला. मग दमून, आडवा होऊन, सरळ माझ्या पोटात शिरला.

मित्रांनो, ते वजन मी कसं सांगू? तपकिरी पाठ, सोनेरी कूस, अंगभर काळे ठिपके, आणि असा फडफडाट की माझी कड थरथरली. मी कशासाठी जन्मले ते मला त्या क्षणी कळलं. ती दोघं पाण्यात बसून वेड्यासारखी हसत होती.

दुपारी मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला तो मासा तोकुजींनी सावकाश, काटे निवडून खाल्ला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"एका खेपेला किती मिळतात असे?" त्यांनी विचारलं.

"एक," किसाबुरो म्हणाला.

"आणि तो केवढ्या वेळाने?"

उत्तर शिनोने दिलं. "मिसाओ शाळेत जात होती ना व्याहीबुवा, तेव्हापासून."

तोकुजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, आम्ही होडीभर मासे आणले, पण एकाचंही तोंड नीट बघितलं नाही. उद्या मलाही न्या. दुसऱ्या दिवशी ते आणि ही दोघं अशी तिघं गेली आणि भिजून, रिकाम्या हातांनी, गाणी म्हणत परत आली. तिकडे स्नानगृहात गेंगो सांगत सुटला होता की त्यातला अर्धा मासा आपल्या मिशीचा.

मग माझे भरभराटीचे दिवस आले. शिनो मासे धरण्यात नवऱ्यापेक्षा तरबेज झाली. तोकुजी दर वसंतात येत आणि गिऱ्हाइकं माझं कौतुक करत. पण एका शरदात, मासेमारीच्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी, मिसाओला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेल्याचा निरोप नदीवर आला. नातवाच्या घाईत मला तशीच ओली, माशाच्या वासासकट, दारामागे अडकवली. हिवाळाभर कोणी बघितलं नाही. त्या वासावर उंदीर आले आणि माझी अर्धी जाळी खाऊन गेले.

वसंतात किसाबुरोने मला खाली काढून पाहिलं. त्याला मला टाकवेना आणि माझ्याकडे बघवेना. मी पुन्हा खिळ्यावर गेले. मला वाटलं, संपलं आता.

त्याच आठवड्यात तोकुजी आले. त्यांनी मला खाली काढलं, भोकातून हात घालून पाहिलं.

"जाळंच फाटलंय व्याही. होडी बुडाल्यासारखं तोंड काय केलंय?"

ते दुकानातल्या बाकावर बसले. आपल्या सामानातून बांबूची सुई आणि होडीवरचा निळा दोरा काढला आणि गाठीला गाठ जोडत विणू लागले. विणता विणता त्यांनी व्याह्याची चांगली कानउघाडणी केली. मासा काढला की जाळं गोड्या पाण्यात धुवायचं, सावलीत पसरायचं, ओलं कोंबायचं नाही. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन ऐकत होतं आणि किसाबुरो वस्तरा धरून मुकाट मान हलवत होता.

मित्रांनो, आता माझी अर्धी जाळी पिवळट रेशमाची आहे आणि अर्धी निळ्या दोऱ्याची. तुमच्या घरी काही फाटलं, मोडलं, तर आधी खिळ्यावरून खाली काढा आणि कुणाला शिवता येतं ते विचारा. शिवता येणारा माणूस कधी कधी जवळच असतो.

परवाच्या सोमवारी तळ्यावर तोकुजींच्या गळाला त्यांच्या आयुष्यातला पहिला ट्राउट लागला. एवढा जाणता दर्यावर्दी, पण दोन्ही हातांनी काठी धरून पोरासारखा ओरडत सुटला. शिनो मला घेऊन पाण्यात धावली. मासा नेमका निळ्या गाठींवर येऊन आदळला आणि एकही गाठ सुटली नाही.