चार सेकंदांची चकती

"माणूस तुमच्या यंत्राने मारला, साहेब. यंत्राने! आणि फास माझ्या गळ्यात अडकवताय."

सिस्टरने गळ्यातलं ओळखपत्र ओढून काढलं आणि टेबलावर आपटलं. ते घसरत जाऊन दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या कपाला लागलं. साहेबांनी बशीत सांडलेला चहा पाहिला, कप दोन बोटांनी बाजूला सरकवला आणि चौकशी समितीतल्या बाकी दोघांकडे बघून हसले. पाहुण्यांसमोर पोर बरळलं की बाप हसतो, तसं.

"बसा, सिस्टर. आरडाओरड्याने नोंद बदलत नाही."

भिंतीशी बसलेल्या प्रोग्रामर मुलीने मांडीवरचा लॅपटॉप उघडला आणि उगाच पुन्हा मिटला. दवाखान्यात तिला सगळे नियमताई म्हणत. नाव सिस्टरनेच ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी वॉर्ड, औषधभांडार आणि ऑपरेशनचा मजला जोडणारं सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं, तेव्हा ही पोरगी वही घेऊन वॉर्डात आली होती. मधोमध एक रूल इंजिन, म्हणजे नियम लावून तपासणारा प्रोग्राम, बसणार होतं. डॉक्टरने औषध लिहिलं की ते रुग्णांच्या नोंदींच्या डेटाबेसात डोकावणार आणि पडद्यावर हिरवा नाहीतर लाल दिवा दाखवणार. पण काय पाहून लाल आणि काय पाहून हिरवा, हे इंजिनला कोण शिकवणार? सिस्टरने तीन दुपारी डबा खाता खाता शिकवलं. पहिला नियम तिच्याच तोंडचा.

"आधी विचारा, अंगाला काय चालत नाही. मग पाजळा तुमची विद्वत्ता."

नियमताईने तो शब्दशः लिहून घेतला होता.

आता जे घडलं ते चार ओळींत मावत होतं. एकतीस वर्षांचा एक शिंपी हर्नियाच्या ऑपरेशनला आला. त्याच्या थोरल्या भावाने सिस्टरला सांगितलं, अमुक इंजेक्शनने ह्याचा घसा सुजतो. दहा वाजून दहा मिनिटांनी सिस्टरने ते डेटाबेसात चढवलं. अकराला शिंप्याला वरच्या मजल्यावर नेलं, अकरा चाळीसला तिथल्या डॉक्टरने नेमकं तेच इंजेक्शन लिहिलं, दिवा हिरवा लागला, आणि बाराच्या आत शिंपी गेला.

इंजिन आपल्या प्रत्येक कामाची टिपणं ठेवतं. त्यात लिहिलेलं होतं : यादी तपासली, अडथळा नाही. समितीने त्यावरून ताडलं की नोंद तेव्हा नव्हतीच. माणूस गेल्यावर सिस्टरने ती घुसडली आणि वेळ मागची टाकली. नोंदीची वेळ हाताने लिहायची असते, कारण वॉर्डात आधी कागदावर टिपतात आणि हात मोकळा झाला की चढवतात. ती सोय सिस्टरवरच उलटली. खोटी नोंद म्हणजे परवाना रद्द, आणि पाठोपाठ पोलीस.

"इंजिन डेटाबेस बघतं ना?" साहेबांनी नियमताईला विचारलं.

"बघतं सर, पण…"

"पण नको. हो की नाही?"

"हो."

चार महिन्यांपूर्वी ह्याच साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. दर वेळी डेटाबेसात जायचं खूळ कशाला? पडद्यावर ती थांबा म्हणणारी चकती चार-चार सेकंद फिरते, डॉक्टर बोंब मारतात. पहाटे सहाला एकदा सगळी यादी उचल आणि दिवसभर तीच वापर. दिवसात नवी नोंद आली तर, असं तिने चाचरत विचारलं होतं. "बघू नंतर," साहेब म्हणाले होते. हुकूम तोंडी. मोठ्या माणसांचे असले हुकूम तोंडीच असतात, म्हणून तर ती मोठी राहतात. तिने एक ओळ बदलली. त्या दिवसापासून इंजिन शपथेवर खरं बोलत होतं, यादी तपासली म्हणून. फक्त ती यादी पहाटे सहाची असायची. शिंप्याचं नावही तिच्यात नव्हतं.

तो गेल्याचं कळताच नियमताईने तासाभरात ती ओळ पूर्ववत केली. आणखी कुणाचा जीव जाऊ नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं. साहेबांना तिने सगळं सांगितलं. "शाबास," ते म्हणाले, "आता तोंड बंद ठेव." तोवर सिस्टरला वॉर्डातून काढून घरी बसवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर वळायला नियमताई.

"प्रात्यक्षिकच करू," साहेब म्हणाले. "सिस्टर, तुमच्याच हाताने करा. मागाहून कुरकुर नको."

सिस्टरने चष्मा लावला. खोट्या रुग्णाच्या नावापुढे तिने एका बोटाने तेच इंजेक्शन वर्ज्य म्हणून लिहिलं. समितीतल्या डॉक्टरने शेजारच्या पडद्यावर ते इंजेक्शन मागवलं. चकती फिरली. दिवा लाल.

"संपलं," साहेब म्हणाले. "नोंद असली की इंजिन अडवतं."

दाराशी शिंप्याचा भाऊ बसला होता.

"एवढं वेळेवर लिहायला काय हात झडले होते तुमचे?" तो म्हणाला.

सिस्टरने मान खाली घातली नाही. ती पडद्याकडे बघत होती. साहेबांनी एक छापील कागद नियमताईपुढे सरकवला आणि त्यावर स्वतःचं पेन ठेवलं. घटनेच्या दिवशी इंजिन आजच्यासारखंच चालू होतं, असं त्यात लिहिलेलं होतं. खाली तिचं नाव टाइप करून तयार.

"डॉक्टर," सिस्टर म्हणाली, "परत मागवा."

"अहो, झालं ना आता…"

"मागवा हो. माझा परवाना जातोय, तुमचं एक बटण जाईल."

डॉक्टरने बटण दाबलं. सिस्टर नाडी मोजावी तशी मोजू लागली.

"एक. दोन. तीन. चार."

लाल.

"मला घरी बसवलंत तोवर चार महिने मी हाच पडदा बघत होते," ती म्हणाली. "औषध लिहिलं रे लिहिलं की दिवा. वॉर्डात आम्ही हसायचो, यंत्राला पंख फुटले म्हणून. ही चकती तेव्हा फिरत नव्हती."

"नेट स्लो असेल," साहेब म्हणाले.

सिस्टरने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती उठली आणि नियमताईच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. नियमताईच्या बोटांत पेन होतं. टोपण निघालेलं.

"सही खुशाल कर, पोरी. तुझी बोटं, साहेबांचं पेन. पण आधी मला सांग. दाराशी तो भाऊ बसलाय ना, त्याच्याकडे बघून सांग. मी लिहिलं तेव्हा तुझं इंजिन कुठे बघत होतं?"

पेनचं टोक कागदाला टेकलं होतं. तिथे शाईचा ठिपका पसरत होता.

"बोल. कुठे बघत होतं?"