भिंतीवरून आलेली तार

“हात लावलास त्या डब्याला तर याद राख, एनेल! तुझी आजी आहे त्यात!”

“आई, आजी कबरस्तानात आहे. डब्यात स्पीकर आहे.”

“ऐका, कसा बोलतोय! शाळा सोडली तेव्हाच डोकं गेलं याचं.”

दारात, खिडकीत, अंगणातल्या आंब्याखाली अख्खी गल्ली उभी. सगळ्यांचे कान स्पीकरकडे. त्यातून येत होतं ते एवढंच: हंऽऽऽऽ. जाड, एकसुरी, दम न घेणारं. सेनोन आजोबा संतांची गाणी म्हणायचे तेव्हा तोमासा आजी मागे असाच सूर धरायची. ती जाऊन आठ महिने झालेले.

आज रविवार. दुपारच्या गाडीनं आजोबा राजधानीला जाणार, उद्या ऑपरेशन. घशातल्या गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढणार होते डॉक्टर. चाळीस वर्षं सान हुआनच्या प्रत्येक जत्रेत गायलेला गळा, पण एक गाणं कुठे भरून ठेवलेलं नाही. म्हणून एनेलनं जुना लॅपटॉप, आवाजाचा मिक्सर, माइक असं जमवून आजोबांच्या खोलीत गाणी भरायला घेतली. पहिल्याच दिवशी ही गुणगुण. त्यानं माइक बदलला, वायर बदलली, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. हंऽऽऽ.

मग आईनं भगत एल्पिदिओला बोलावलं. गळ्यात लाल रुमाल, तोंडात चिरूट.

“वर्ष झालं का बाईला?”

“आठ महिने.”

“आठ! आणि वर्षाची प्रार्थना व्हायच्या आधी घरात गाणं? अहो, ती रुसणार नाही तर काय नाचणार? मेलेल्याला भिंतीतला विस्तव सोसत नाही. काढा ती तार!”

त्यानं स्वतःच लॅपटॉपची पिन उपटली, मेणबत्ती लावली, रमची चूळ खोलीभर फवारली. आणि गुणगुण थांबली! बायका रडल्या, आई गुडघ्यावर बसली. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, दहा मिनिटांत मान टाकायची. परत पिन लावली की परत आजी.

“घाई केलीत,” भगत म्हणाला. “आता सेनोननं गाऊन तिची माफी मागायची. सकाळ-संध्याकाळ, जोरात. तिला ऐकू गेलं पाहिजे.”

एनेल भांडला, दार आपटून गेला, परत आला. डॉक्टरांनी गळा जपायला सांगितलेला. आजोबा मात्र बायकोची माफी मागत तीन दिवस गात राहिले. आता भगत तिसऱ्यांदा आला होता, आणि त्याचा हात परत पिनेकडे गेला.

तेव्हा एनेलला दिसलं. हा माणूस मेणबत्ती विसरेल, रम विसरेल, पण पिन नाही विसरत.

“थांबा काका. या वेळी पिन राहू द्या. तशीच करा तुमची प्रार्थना.”

“घरात नास्तिक आहे,” एल्पिदिओ गर्दीला म्हणाला.

“आहे ना, हा काय उभा आहे! करा म्हटलं प्रार्थना!”

भगतानं केली. चिरूट संपला. हंऽऽऽ.

एनेलनं पिन जिच्यात खोचली होती ती तार हातात धरली आणि तिच्यामागे चालत गेला. खिडकीतून बाहेर, भिंतीवरून पलीकडे, शेजारच्या मिलेदिस मावशीच्या स्वयंपाकघरात. घरची लाईट केव्हाही जायची, म्हणून मावशीनं तिच्या लायनीवर लॅपटॉपपुरती एक तार दिली होती. मिक्सर मात्र घरच्या प्लगवर. माइकपासून फ्रिजपर्यंत सगळं तपासलं, ही भिंतीवरची तार कशी नाही तपासली? स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्याला.

खोलीत परत येऊन त्यानं लॅपटॉपची पिन मावशीच्या तारेतून काढली आणि मिक्सरशेजारी, प्लगच्या एकाच पट्टीत लावली.

खोली गप्प झाली. बाहेर कोंबडी माती उकरत होती ते ऐकू आलं.

“ही बघा आजी!” पिन परत मावशीच्या तारेत: हंऽऽऽ. पट्टीत: काही नाही. “आपल्या घराचं अर्थिंग अंगणातल्या सळईत, मावशीचं पाण्याच्या नळाला. दोन्हींतली विजेची पातळी सारखी नाही. तो फरक आवाजाच्या वायरीतून वाहतो आणि घोंघावतो. पिन काढली की वाट तुटते, मग आवाज बंद. एवढंच! आणि काका, तुम्ही बाजारात रेडिओ दुरुस्त करायचात ना पूर्वी?”

एल्पिदिओनं रुमाल सारखा केला. “माझी तिसरी प्रार्थना लागू पडली,” तो शांतपणे म्हणाला.

“पडली, पडली!” मिलेदिस मावशीनं छातीवर क्रूस काढला. आंब्याखालून कुणी तरी आमेन म्हटलं.

“अहो, तुमच्यासमोर दोनदा लावून दाखवलं! परत दाखवू? तुमच्या हातानं लावा! डोळे आहेत, कान आहेत, एकदा तरी वापरा! आधी तार बघा, मग भुताला बोलवा!”

पिन लावायला कुणी पुढे आलं नाही. लोक भगताच्या मागोमाग अंगणात गेले, आशीर्वाद घ्यायला. आईसुद्धा.

खोलीत दोघंच उरले. एनेलनं माइक आजोबांच्या तोंडापुढे ओढला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट, स्वच्छ, पाच दिवसांत पहिल्यांदा.

“आजोबा, म्हणा. एकच. कुठलंही.”

आजोबांनी छाती भरून घेतली, मान वर केली. तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. परत. घशात वाळू घासल्यासारखं काही तरी, मग तेही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी केलंच नाही. हसल्यासारखं करून त्यांनी एनेलच्या मनगटावर हात ठेवला. रेघ सपाटच होती.

कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला. आजोबांनी टोपी शोधली, पिशवी उचलली, आणि उठता उठता माइकजवळ वाकून, नुसत्या श्वासानं कुजबुजत, पण शब्द न् शब्द नीट भरला जाईल असं म्हणाले,

“गाडी आली, बाळा. मला आता निघायला हवं.”