गोड माप

दुपारचे चार वाजले की मावशींच्या शिवणाच्या दुकानात मशीनपेक्षा फोनचा आवाज मोठा व्हायचा. बँकेतल्या वहिनी, पाळणाघरवाली आणि आणखी पाच-सहा जणी कापायच्या टेबलाभोवती दाटीवाटीने उभ्या राहायच्या. रिळांना टेकवलेल्या फोनमध्ये बारीक व्हायचं चूर्ण विकणाऱ्या नाजूकताई अवतरायच्या.

"मैत्रिणींनो, फक्त एकवीस दिवस! सकाळी एक चमचा चूर्ण, संध्याकाळी एक चमचा. व्यायाम नको, पथ्य नको. डॉक्टर तोंडात बोटं घालतात, विज्ञान हात जोडतं! अट एकच. मनात शंका आणू नका. शंका आली की चरबी परत आली!"

पोटातल्या चूर्णाला मनातली शंका कशी ऐकू जाते, हे कुणी विचारलं नाही. कारण लगेच पडद्यावर दोन नाजूकताई शेजारीशेजारी यायच्या. डावीकडे पहिल्या दिवसाच्या, उजवीकडे एकविसाव्या. फ्रॉक तोच, निळ्या चौकड्यांचा, आणि उजवीकडे कंबर मुठीत मावेल एवढी. बायकांच्या तोंडून एकच "अगं बाई!" निघायचं.

"आणि हे खोटं नाही हं," वहिनी सांगायच्या. "माझीच कंबर दोन इंच उतरलीय. मावशींनी मोजलीय, विचारा!"

मावशी ओठांत टाचण्या धरून नुसत्या हसायच्या.

मावशींची एक जुनी खोड होती. माप घेताना खरा आकडा त्या वहीत लिहायच्या आणि मोठ्याने सांगताना अर्धा-एक इंच गिळायच्या. कपडा खऱ्या मापाचा, बोलणं गोड मापाचं. गिऱ्हाईक हसत गेलं की हसत परत येतं, हे त्यांना सासूबाईंनी शिकवलं होतं. चूर्ण आल्यापासून बायका श्वास रोखून टेपपुढे उभ्या राहायच्या. त्यांची तोंडं बघून मावशी आणखी थोडं गिळायच्या. कुणाचं काय जातंय?

जात होतं त्यांच्या लेकीचं. सतरा वर्षांची पोर कोपऱ्यात बसून काजं-बटणं करायची आणि सगळं ऐकायची. तिनेही चूर्ण सुरू केलं होतं. दर शुक्रवारी ती आईसमोर हात वर करून उभी राहायची आणि तिला मात्र मावशी खरा आकडा सांगायच्या. घरच्या माणसाशी कसला आलाय गोडवा!

वहिनी दोन्ही वेळा पोटभर जेवून दोन इंच उतरल्या आणि आपण तसूभरही नाही, म्हणजे खोट आपल्यातच, असं पोरीने मनाशी धरलं. आधी संध्याकाळचं जेवण सुटलं, मग सकाळचं. "मैत्रिणीकडे खाऊन आले," असं ती सांगायची. कामाच्या रेट्यात मावशींना ते पटायचं. पुढे आकडा भराभर उतरायला लागला तेव्हा त्या "वा!" म्हणाल्या. हा "वा" त्यांना आयुष्यभर छळणार होता. एका दुपारी बटण लावता लावता पोर स्टुलावरून खाली कोसळली.

"जुलाबाचं औषध आहे हे," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चूर्णाची डबी बघून म्हणाल्या. "त्यात हिने दोन महिने पोट मारलंय. हृदय अशक्त झालंय. जीव वाचलाय, पण पूर्वीसारखी कधी होईल ते आज नाही सांगता येणार."

तिसऱ्या दिवशी पोर जरा बोलायला लागली. तिने उशाखालचा फोन काढून नाजूकताईंचा तो जोडफोटो आईपुढे धरला. "बघ ना. तिला जमलं. मलाच नाही जमलं."

मावशींनी पहिल्यांदाच तो फोटो हातात घेऊन नीट पाहिला. बाई राहिली बाजूला, त्यांची नजर गेली फ्रॉकवर. कंबरेच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी मोजलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"नऊ," त्या म्हणाल्या. "इकडे नऊ चौकड्या आणि तिकडेही नऊच."

"मग?"

"अगं, बाई बारीक झाली तर फ्रॉक ढगळ व्हायला हवा. आत घेतला असेल, तर कडेच्या चौकड्या शिवणीत जायला हव्यात. नवाच्या सात व्हायला हव्यात! इथे नऊच्या नऊ आहेत, फक्त कंबरेपाशी अरुंद झाल्यात. कापड कधी असं आटत नाही. हे चित्र दाबलंय."

पोरीने फोन जवळ ओढून स्वतः चौकड्या मोजल्या. मग म्हणाली, "हो. फोनवर बोटाने करता येतं ते. मी पण माझ्या फोटोंना करते."

"मग तुला कळलं कसं नाही?"

"मला वाटलं, असं खोटं फक्त मलाच करावं लागतं."

मावशींनी तिच्या हातातून फोन घेऊन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी दुकान उघडलं. बायका जमल्या तसा त्यांनी फोटो पुढे ठेवला आणि एकेकीला चौकड्या मोजायला लावल्या.

"पण मावशी," वहिनी अडल्या, "माझे दोन इंच?"

मावशींनी मापाची वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "पहिल्या दिवशी पस्तीस. गेल्या आठवड्यातही पस्तीस. उतरले ते माझ्या जिभेवर. ती बाई तिथून लबाड बोलत होती आणि मी इथून तिच्या बाजूने साक्ष देत होते. पोर दोघींच्या मधे सापडली."

वहिनींनी वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून तो दोनदा वाचला.

"हात जोडते," मावशी म्हणाल्या. "डोळ्यांना दिसलं म्हणजे खरं, असं समजू नका. मोजा, विचारा, डॉक्टरांना दाखवा. माझ्या टेपवरचा आकडासुद्धा स्वतः वाचा. आणि आकडा काहीही निघो, घरी जाऊन जेवा."

पाळणाघरवालीने पिशवीतली डबी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

संध्याकाळी मावशी दवाखान्यात गेल्या. पोर ताटातला भात चिवडत होती. दोन घास खाऊन तिने ताट सरकवलं.

"आई, सुरुवातीला मी खरंच जाड होते का गं?"

"नव्हतीस. कधीच नव्हतीस."

"दर शुक्रवारी आकडा सांगायचीस. हे का नाही सांगितलंस?"

मावशींनी ताट पुन्हा जवळ ओढलं, एक लहानसा घास केला आणि तो हातात धरून बसून राहिल्या.