दुसरी हाक

निवृत्तीला एकच खूळ होतं, तलावाचा काठ तुडवायचं. लातूर जिल्हा नवा झाला, याला कचेरीत नोकरी लागली, आणि रविवारी घरी लोळायचं सोडून हा पठ्ठ्या बायकोला घेऊन एसटीनं देवणीकडं. पावसाळ्यात पाणी बाभळींच्या कमरेला लागायचं. हिवाळ्यात बदकं उतरायची, मोकळ्या झालेल्या गाळात हरभरा यायचा. उन्हाळ्यात पाणी आखडून मधोमध जायचं. सिंधूला तो काठ तोंडपाठ झाला होता.

"अहो, तेच पाणी अन् तीच बाभळ. काय बघता एवढं?"

"गाव बघून राहिलो," तो म्हणायचा.

गाव तलावाखाली होतं, निवृत्तीचंच. धरण झालं तेव्हा हा पाच-सहा वर्षांचा. घरं वर माळावर हलवली, शेवटची गाडी तिन्हीसांजेला वेशीत उभी राहिली. तेवढ्यात याची केवळाआत्या उखळातलं मुसळ विसरलं म्हणून मागं गेली. नवरा वारल्यावर माहेरी आलेली बाई ती, निवृत्ती तिच्याच कडेवर वाढलेला. बापानं वेशीतून एकदा हाक मारली, "केवळे!" उत्तर आलं नाही. बापाला वाटलं, गेली असेल बायकांच्या गाडीत. त्यानं बैल हाकले, आणि रात्री पाणी चढलं.

आता उत्तर का आलं नाही, ते ऐका. त्या गावात तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे. माणूस दोनदा हाक मारतं, मेलेलं एकदाच. लातूरच्या बाजारात वाढलेली सिंधू कुणीही हाक मारली की पटकन ओ द्यायची. तिला सासूनं, विठाबाईनं, आल्याआल्या हेच शिकवलं होतं. केवळाआत्या दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिली असणार. "दुसरी मारायची राहिली गं," म्हणत म्हणत निवृत्तीचा बाप गेला. ती राहिलेली हाक मारायचीच, हे निवृत्तीनं मनाशी धरलं होतं. पण पाण्यात हाक कुठं मारणार?

मग एका वर्षी मोठा दुष्काळ पडला. तलावाचं बूड उघडं पडलं आणि वेस वर आली.

दोघं उतरली तेव्हा ऊन कललं होतं. भेगाळलेला गाळ पायाखाली कुरकुरत होता. वेशीची कमान शाबूत होती, आत गुडघ्याएवढ्या भिंती. पाखरूसुद्धा नव्हतं. वेशीपलीकडं मधोमध थोडी दलदल उरली होती, काळी. तिच्या काठावरच निवृत्तीचं जुनं घर, आणि जमिनीत रोवलेलं उखळ वरून स्वच्छ दिसत होतं. त्यात गाळ नव्हता.

"मारा हाक अन् चला," सिंधू म्हणाली. "मला न्हाई आवडून राहिलं हे."

निवृत्तीनं तोंड उघडलं, पण आवाज त्याच्या आधी आतून आला. बाईचा, मायेचा. "निवृत्ती!"

एकदाच.

सिंधूनं त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला. "तिनं एवढी वर्षं वाट बघावी, अन् मी गप बसू व्हय?" त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "हाव, आत्या!" तो ओरडला आणि सरळ दलदलीत चालू लागला.

घोटा गेला, पोटरी गेली. सिंधूनं जीव खाऊन हाक मारली, "अहो!"

त्यानं वळूनही पाहिलं नाही. गुडघा गेला.

वळेल कसा? त्या गावचं माणूस ते! पहिल्या हाकेला वळायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. नवऱ्याचं नाव तिनं आजवर घेतलं नव्हतं, आताही तोंडात आलं नाही. तिनं पदर गच्च धरला आणि दुसरी हाक मारली, "अहो, चला! आता घरी चला!"

निवृत्ती थांबला. वळला.

त्याच्या पाठीमागून, उखळाच्या बाजूनं, उत्तर आलं. "हाव, आले."

तिनं त्याला हाताला धरून वर ओढलं. मग दोघं चालत राहिली, मान न वळवता. मागून ओली पावलं चपचप वाजत होती, कोरड्या गाळावरसुद्धा. निवृत्ती एकदाच बोलला, "हळू ये आत्या, भेगा हायेत." सिंधूनं त्याला गप केलं नाही.

माळावरच्या घरी विठाबाई दारात बसली होती. टँकरचं पाणी घोटाघोटानं वापरणारी म्हातारी, सांडलं तर दोन दिवस बोलणार. रिवाजाप्रमाणं तिनं लेकाच्या पायावर चूळभर पाणी घातलं, सुनेच्या पायावर तेवढंच. मग तिची नजर दोघांच्या मागं गेली आणि तिथंच राहिली. ती उठली, आत जाऊन रांजण खरवडून तांब्या काठोकाठ भरून आणला, आणि उंबऱ्याबाहेर कुणीही नव्हतं तिथं सगळा ओतला.

"ये गं केवळे," ती म्हणाली. "लई उशीर केला आमी."

बाहेरची माती तशीच कोरडी राहिली. ओला झाला तो आतला उंबरा, आणि चुलीपर्यंतचं सारवण.